गोव्याच्या परसबागेत भूत झोलोकिया : पेरणीपासून ताटापर्यंत

काणकोणची खोला मिरची पावसाळ्यात डोंगरउतारावर पिकते. त्यामुळे भूत झोलोकियासारखी अतितिखट मिरचीही जूनमध्येच लावावी, असे अनेकांना वाटते. मात्र उतारावरचे पाणी वाहून जाते; अंगणातल्या कुंडीत आणि सपाट वाफ्यात ते साचते आणि मुळे कुजतात. शिवाय या मिरचीला बी पेरल्यापासून फळ पिकेपर्यंत पाच-सहा महिने लागतात. म्हणून गोव्यात ऑगस्टच्या मध्यावर छपराखाली बी पेरावे, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये रोपे बाहेर लावावीत आणि जानेवारीच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तोडणी करावी. हे वेळापत्रक सांभाळले, तर बाकीची मेहनत फारशी अवघड नाही.

बी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे, कारण भूत झोलोकियाच्या नावाखाली साधे बीही विकले जाते. ही मिरची आपल्या नेहमीच्या मिरचीहून वेगळ्या प्रजातीची, म्हणजे कॅप्सिकम चायनेन्स या गटातील आहे आणि झाड फुलावर आले की तिची ओळख पटते. एकाच पेऱ्यावर दोन-तीन फुले खाली मान घालून लोंबतात, पाकळ्या हिरवट पांढऱ्या असतात आणि देठ जिथे फुलाच्या वाटीला मिळतो, तिथे बारीक कड्यासारखी वळी दिसते. फळाची साल पातळ आणि खडबडीत असते.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून नारळाच्या काथ्याचा भुसा आणि चाळलेले गांडूळखत यांच्या मिश्रणात अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. उगवण दोन ते चार आठवडे चालते. आठ दिवसांत काही दिसले नाही म्हणून माती उकरू नये. ऑगस्टच्या दमट हवेत कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. त्यामुळे वरून पाणी शिंपडण्याऐवजी ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्यावी आणि हवा खेळती ठेवावी.

रोपाला सहा ते आठ पाने आली की निदान बारा इंचांच्या कुंडीत त्याची लावणी करावी. जांभ्याची तांबडी माती बहुधा आम्लधर्मी असते, म्हणून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि मूठभर चुना आधीच मिसळून ठेवावा. ज्या वाफ्यात वांगी किंवा टोमॅटो अचानक मरगळून मेले असतील, तिथे ही मिरची मुळीच लावू नये, कारण मर रोगाचे जिवाणू मातीत टिकून राहतात आणि मिरचीलाही धरतात. नत्रयुक्त खताचा मोह आवरावा. झाड हिरवेगार होते, पण फुले धरत नाही. पाने चुरडून वाटीसारखी झाली, तर ते फुलकिडे किंवा कोळी या बारीक किडींचे काम असते. पानांच्या खालच्या बाजूला कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. मार्चनंतर रात्रीही उकाडा राहू लागला की फुले गळतात. तेव्हा दुपारच्या वेळी सावलीची जाळी उपयोगी पडते. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे पिकलेली फळे बुलबुलांपासून जाळीनेच वाचवावी लागतात.

घरासाठी एक झाड पुरेसे आहे, असे माझे ठाम मत आहे. 2007 मध्ये गिनीज बुकाने भूत झोलोकियाची नोंद जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून केली, तेव्हा तिचे मोजमाप 10 लाख स्कोव्हिलपेक्षा (स्कोव्हिल म्हणजे तिखटपणा मोजण्याचे एकक) जास्त भरले होते. पुढे 2013 मध्ये कॅरोलिना रीपर आणि 2023 मध्ये पेपर एक्स या मिरच्यांनी तो मान मिळवला. पेपर एक्सचा आकडा 26,93,000 आहे. स्वयंपाकासाठी मात्र या चढाओढीला अर्थ नाही. भूत झोलोकियाचे मोल तिखटाइतकेच तिच्या फळासारख्या सुवासात आहे आणि तो सुवास अल्प प्रमाणातच कळतो.

मिरची चिरताना हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सर्वाधिक तिखटपणा बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. तो काढून टाकावा. ही मिरची तव्यावर कोरडी भाजू नये, कारण धुराने घरभर ठसका लागतो. त्याऐवजी ती माडाच्या व्हिनेगरमध्ये भिजवून वाटावी. माशात भरायच्या गोव्याच्या रेशाद मसाल्यासाठी रंगाला पंधरा-वीस सुक्या लाल मिरच्या घ्याव्यात आणि तिखटासाठी भूत झोलोकियाची अर्धी फोड पुरे. बांगड्यात भरल्यावर तिखट आणि आंबट एकमेकांना नीट सावरून घेतात. हाताला रस लागलाच, तर आधी खोबरेल चोळून मग साबणाने धुवावेत, कारण कॅप्सेसिन हे मिरचीतले तिखट द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही.

पहिल्यांदा चव घेताना पोटात काही अन्न असावे आणि तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच असावा. या मिरचीची आग लगेच कळत नाही, ती चढत जाते. म्हणून दुसरा तुकडा घेण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे. तोंड भाजल्यास पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावे, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवते. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि दमा, अल्सर किंवा हृदयविकार असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये, आणि पैजेखातर अख्खी मिरची कोणीच खाऊ नये. खाण्याच्या स्पर्धेत कॅरोलिना रीपर खाल्ल्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसून एका माणसाला असह्य डोकेदुखी झाल्याची नोंद 2018 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. छातीत दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा डोके अचानक फुटेल इतके दुखू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे.