वृद्धाश्रमासाठी जागा घेताय? सांगलीत या चुका टाळा

नकाशे करून परवानगीला दाखल करणं हे माझं रोजचं काम. अलीकडे त्यात ज्येष्ठांच्या निवासी देखभाल केंद्रांचे प्रस्ताव वाढलेत. मुलं पुण्यात नाहीतर परदेशात, आईवडील विश्रामबागेतल्या बंगल्यात एकटे. गरज खरी आहे आणि या कामात पडणारी माणसंही बहुतेक चांगली असतात. पण जवळजवळ प्रत्येक जण येतो तो खरेदीखत उरकून. "जागा झाली, आता तेवढी परवानगी काढून द्या." परवानगीचा विचार इसार देण्याआधी करायचा असतो, हे कितीही सांगितलं तरी पुढचा माणूस पुन्हा तसाच येतो.

पूररेषा न बघता घेतलेली जागा

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याने दोन मित्रांना सोबत घेऊन हरिपूरच्या बाजूला जागा घेतली. उन्हाळ्यात पाहिलेली, शांत, नदीकडून वारा येणारी. एजंट म्हणाला होता, "सर, पाणी इथंवर कधीच येत न्हाई." मी गेलो तेव्हा शेजारच्या गोठ्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, माझ्या डोक्याच्याही वर. गोठ्याच्या मालकाने विचारायच्या आधीच सांगितलं, २०१९ ची आहे.

पूररेषेच्या नकाशावर जागा टाकली. अर्धी निळ्या रेषेच्या आत, उरलेली निळ्या आणि लाल रेषेच्या मधे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत नवीन बांधकाम होत नाही. दोन्हींच्या मधे होतं, पण जोतं, म्हणजे तळमजल्याच्या फरशीखालचा चौथरा, लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर घ्यावं लागतं. त्यांच्या जागेत ते जमिनीपासून जवळपास अडीच मीटर येत होतं. आता व्हीलचेअरचा रॅम्प १:१२ उताराने काढा: ३० मीटर लांबी, मधले सपाट टप्पे वेगळेच. तेवढी मोकळी जागा त्या अर्ध्या तुकड्यात नव्हती. प्रस्ताव तिथेच संपला. त्या जमिनीत आज ऊस आहे आणि चौघांची निवृत्तीची पुंजी तिथे अडकली आहे.

"थोडं जुळवून घ्या ना" असं मला तेव्हाही सांगण्यात आलं. मी जुळवून घेत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावातल्या लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. धडधाकट माणसांचे जिथे असे हाल होतात, तिथे अंथरुणाला खिळलेल्या आजींना रात्री कोण आणि कसं बाहेर काढणार?

माझी सवय सांगतो. जागा शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये बघतो. एजंटला बाजूला ठेवून आसपासच्या बायकांना विचारतो, २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी घरात कुठवर होतं. ओट्यापर्यंत की फळीपर्यंत, हे त्यांना नेमकं आठवतं. मगच पाटबंधारे खात्याकडे पूररेषेच्या दाखल्यासाठी अर्ज.

सातबारावर 'बिनशेती' दिसलं की झालं, असं समजणं

बिनशेती आदेश कशासाठी झालाय ते वाचा. रहिवासासाठी की औद्योगिक? शिवाय बिनशेती वेगळं आणि विकास आराखड्यातला झोन वेगळा. प्लॉट बिनशेती असूनही त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण किंवा आखलेला रस्ता असू शकतो. म्हणून झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा दोन्ही काढा, आणि मोजणीच्या 'क' प्रतीशी, म्हणजे सरकारी मोजणीच्या हद्द-नकाशाशी, ताडून बघा. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेला, असेल तर आधी नियमितीकरण झालंय का ते पाहा. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला, पण लागू होणं म्हणजे तुमचा प्लॉट आपोआप नियमित होणं नव्हे. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात घेऊन बघा. शामरावनगरसारख्या सखल भागात पाण्याचा निचरा कुठून होतो हेही पावसात उभं राहून बघा.

घर म्हणून परवानगी, आत खाटा

हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. राहत्या बंगल्याचा मंजूर नकाशा असतो, त्यातच पंधरा-वीस खाटा, ऑक्सिजन सिलिंडर आणि रात्रपाळीच्या मावशी. १९६६ च्या नगररचना कायद्यात वापर बदलणं हासुद्धा 'विकास'च आहे, त्यालाही परवानगी लागते. शेजाऱ्याने पार्किंगवरून एक तक्रार केली की नोटीस येते, आणि मग तुम्ही त्या वीस जणांना कुठे हलवणार? अर्जातच वापर स्पष्ट लिहा: ज्येष्ठ नागरिकांचं निवासी देखभाल केंद्र, इतक्या खाटा, इतके कर्मचारी. त्यामुळे रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग सगळं कडक लागतं. लागू दे. ते सुरुवातीला कागदावर सोडवणं स्वस्त पडतं.

बाकीच्या चुका थोडक्यात:

- अग्निशमनाचा दाखला शेवटी काढू म्हणणं. जिन्याची रुंदी आणि पाण्याची टाकी नकाशातच ठरते. पुढेही दर जानेवारी आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं.
- लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. नकाशावर स्ट्रेचर काढून बघा.
- जोते तपासणी न करता वरचा मजला चढवणं. करू नका.
- भोगवटा प्रमाणपत्राआधी माणसं आणून ठेवणं. एकही नको.
- धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी म्हणजेच परवानगी, असं धरून चालणं. ती संस्थेची नोंदणी, इमारतीशी तिचा संबंध नाही.

आणि साठेखत करताना वकिलाकडून एक अट घालून घ्याच: देखभाल केंद्राच्या वापरासाठी बांधकाम परवानगी मिळाली नाही तर इसार पूर्ण परत. विक्रेता नाही म्हणाला तर कारण विचारा. बऱ्याचदा त्याला जागेचं जे ठाऊक असतं ते तिथेच बाहेर येतं.