जागलीच्या रात्री कादंबरी लिहायची तर

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत पिकाच्या ओळीच्या ओळी साफ करतात. म्हणून थंडीचे दोन-अडीच महिने रात्र वावरातच काढायची, थोड्या थोड्या वेळानं उठून टॉर्च फिरवायचा, डबा वाजवायचा आणि पुन्हा मचाणावर येऊन बसायचं. याच मचाणावर बसून मी कादंबरी लिहितो. हा माझा तिसरा हंगाम आहे आणि २६० पानं झाली आहेत. आर्वी तालुक्यात माझं सात एकर वावर आहे, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर आणि थोडा हरभरा. धान्याच्या कोठीमागे वही लपवून ठेवणारी माणसं गावोगावी आहेत, त्यांच्यातले काही मला भेटलेले आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

आधी मोठी गोष्ट मागायला शिका. मी दहा वर्षं चारोळ्या लिहिल्या. कोणी विचारलं तर म्हणायचो, "सहज लिहितो, थोडंसं." गावातल्या माणसानं तेवढंच मागावं असं कुठंतरी मनात बसलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. मी एसटीनं गेलो. पुस्तकांच्या दालनात जाडजूड कादंबऱ्यांपुढे बराच वेळ उभा होतो. पानं चाळत होतो आणि आमच्या बाजारओळीसारखी बाजारओळ, आमच्यासारखा धुरा म्हणजे वावराचा बांध, त्या धुऱ्यावरून झालेलं भांडण शोधत होतो. परतीच्या गाडीत तिकिटाच्या पाठीवर लिहिलं : "कापसाच्या एका गावाच्या चार पिढ्या. ४०० पानं." ते तिकीट पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेलं आहे. तुमचं जे काय असेल ते असंच लिहा, आकड्यासकट. "काहीतरी मोठं लिहीन" असं लिहून उपयोग नाही, त्याचा हिशेब मांडता येत नाही.

आणि हिशेब मांडावाच लागतो. माझा असा आहे : एका हंगामात जागलीच्या साधारण ६० रात्री. एका रात्री वहीची दोन पानं, जास्त नाही. म्हणजे हंगामाला १२० पानं. ४०० पानांना तीन हंगाम पुरत नाहीत, चौथा लागतो. हे पहिल्याच रात्री मांडून ठेवलं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी "अजून कशी झाली नाही" म्हणून जीव कासावीस झाला नाही. माझ्या वहीच्या पानावर १८० शब्द बसतात, तेव्हा ४०० पानं म्हणजे ७२,००० शब्द. कादंबरीला ते भरपूर झाले. तुमच्याकडे जागल नसेल, पण दुसरं काही असेल. पिठाच्या चक्कीवर नंबर लागेपर्यंतचा वेळ, लेकराला शाळेत सोडल्यानंतरचा अर्धा तास, रात्रीची लाईन येईपर्यंत मोटारीजवळ बसणं. नवा वेळ काढायला जाऊ नका, तो निघत नाही. आधीपासून अडकून पडलेला वेळ धरा.

आता विश्वासाचं. माझा जोडीदार बाजूच्या मचाणावर असतो. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "कायले रात वाया घालून राह्यला? आपल्या गावातून कोनी लेखक झाला काय आजवर?" त्या रात्री मला एक ओळ सुचली नाही. सकाळी घरी जाताना मात्र आठवलं की मृगात पेरतो तेव्हा पावसानं तरी मला कुठं शब्द दिलेला असतो? बियाणं उधारीचं असतं. पाऊस पंधरा दिवस दडी मारतो, अंकुर करपतात, आणि आपण पुन्हा बियाण्याची थैली आणून दुबार पेरतो. इथला कोरडवाहू शेतकरी दर जूनमध्ये ज्या भरवशावर उभा असतो, त्याच भरवशावर लिहायचं. आधी विश्वास येईल, मग लिहू, असं म्हणत बसलात तर वखर फिरवून ठेवलेलं वावर तसंच राहील.

पाठवण्याचंही तसंच. माझ्या दोन कथा परत आल्या, तिसरीचं उत्तरच आलं नाही. तिसरी मी दुसऱ्या पाकिटात घालून दुसरीकडे पाठवली, आणि ती छापून आली. वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता ठेवा : काय पाठवलं, कुठं, कोणत्या तारखेला, काय झालं. दिवाळी अंकासाठी लिहिलेलं आपल्या पेरणीच्या धांदलीतच पाठवावं लागतं, म्हणून उन्हाळ्यातच तयार ठेवा. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे, बऱ्याच ठिकाणी त्याच्या शाखा आहेत. आपल्या जवळच्या शाखेच्या कार्यक्रमाला जाऊन मागच्या खुर्चीवर बसलात तरी चालेल, ओळखी होतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिलं पुस्तक असलेल्यांना ती मोलाची. जाहिरात आली की नियम शब्द न् शब्द वाचा. वय ३५च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही तुमच्याच भाषेतल्या पुस्तकांसाठी आहे, ५०,००० रुपयांचा. त्याचं नाव घ्यायला लाजू नका. आणि पुस्तक छापायला आधी पैसे मागणाऱ्याला देण्याआधी चार महिने थांबा. एकाला मी तुरीचे १८,००० रुपये दिले होते. त्यानं कवितांच्या शंभर प्रती आणून दिल्या, त्या अजून घरात आहेत. दुकानात एकही गेली नाही.

भाषेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथं झाली. पहिल्या कथांत मी "ओलीत" खोडून "सिंचन" केलं, "वावर"चं "शेत", "बंडी"ची "बैलगाडी". वाटलं, असं केलं की लेखक दिसू. कथा वाचताना माझं मलाच परक्या घरी जेवायला बसल्यासारखं व्हायचं. मग एका उन्हाळ्यात मोटारसायकलनं रिद्धपूरला गेलो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र लिहिलं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. तो आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात झाला, लोकांच्या रोजच्या बोलण्यातल्या मराठीत. आज तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे. मी तिथं एका ओट्यावर बसलो होतो आणि मनात एकच गोष्ट घोळत होती : ज्या भाषेला मी कमी समजून खोडत होतो, तिच्याच शेजारी मराठी गद्याचा आरंभ झाला. घरी येऊन सगळी "सिंचनं" परत "ओलीत" केली. आता मोबाईलवर टंकतो तेव्हा बोलून लिहायची सोय वापरत नाही, ती आमच्या बोलीचे शब्द बदलून टाकते. हातानं वेळ लागतो, लागू द्या.

म्हाइंभटांकडून घेतलेली दुसरी गोष्ट म्हणजे विचारणं. लिहिलेलं प्रकरण अशा माणसाला वाचून दाखवा ज्यानं ते जगलेलं आहे. त्याला अक्षरओळख नसली तरी चालेल. मी रविवारी मायला वाचून दाखवतो. ती तूर पाखडत ऐकते. कापूस वेचणीचं प्रकरण मी फार मन लावून लिहिलं होतं. दुपारच्या उन्हात वेचणारी बाई मालकाला पाणी मागते आणि तो देत नाही, असा प्रसंग. मायचं सूप थांबलं.

"हे खोटं हाय बापू."

"काय खोटं?"

"वेचाले आलेली बाई पानी मांगत नाही. ते घरूनच डबकी घेऊन येते डोक्यावर. कोनापाशी मांगाचं काम पडू नये म्हनून तं आनते."

मी गप्प झालो. मग ती बोलत राहिली. पहाटे किती वाजता उठायची, वाटेत डबकी, म्हणजे पाण्याचं भांडं, सांडू नये म्हणून चिंधी कशी गुंडाळायची, एकीची डबकी फुटली तेव्हा बाकीच्यांनी आपापल्यातलं घोट घोट पाणी तिला कसं दिलं. मालकाचं नावही त्यात नव्हतं. माझ्या प्रसंगात मालक निर्दयी होता आणि बाई बिचारी होती. मायच्या सांगण्यात बारा बाया होत्या आणि मालकाचं कोणाला कामच नव्हतं.

त्या रात्री मचाणावर ते पान काढलं. जुनं फाडू नका, लागतं ते पुढे कधीतरी. मी त्यावर आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली, आणि नव्या पानावर बारा डबक्या ओळीनं वावराकडे निघाल्या.