यजमान कुटुंबासोबत अमेरिकेचा उन्हाळी प्रवास

विद्यार्थी आदानप्रदान कार्यक्रमातून गेलेल्या मुलांनी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी स्थानिक समन्वयकाची परवानगी घ्यावी आणि पासपोर्ट व डीएस-२०१९ हा कागद (आदानप्रदान व्हिसासाठी लागणारे पात्रतेचे प्रमाणपत्र) मोठ्या बॅगेत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावा. पेट्रोल, मुक्काम आणि जेवणाचा खर्च कोणी करायचा, हे यजमान कुटुंबाला आधीच मोकळेपणाने विचारावे. संकोचापोटी हा विषय टाळला, तर पुढे दोघांनाही ते जड जाते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात रस्त्याकडेला बायसन (रानगव्यासारखा मोठा प्राणी) कितीही शांतपणे चरत असला, तरी फोटोसाठी जवळ जाऊ नये: त्याच्यापासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, आणि अस्वल व लांडग्यांपासून १०० यार्ड अंतर राखण्याचा तेथे नियम आहे. अमेरिकेच्या बहुतेक भागांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली जातात. ॲरिझोना राज्यात ती पुढे केली जात नाहीत, मात्र त्याच राज्यातील नवाहो या मूळनिवासी जमातीच्या प्रदेशात केली जातात. त्यामुळे आईवडिलांना फोनची वेळ देताना मुक्कामाचे ठिकाण पाहावे.