जुनं मशीन, फुकटचं लिनक्स: पैसे देण्याआधी दुकानातच काय तपासायचं

"लिनक्स काय, कुठल्याबी डबड्यावर चालतंय की!" असं छातीठोक सांगणारा दर गल्लीत एक असतो. मशीन घरी नेल्यावर वायफाय लागत नाही तेव्हा तो कुठं असतो कुणास ठाऊक. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम. नातेवाईक, शेजारी, तालमीतली पोरं असं सगळं धरून आजवर पंचवीसेक मशिनं तरी मी बसवून दिली असतील. त्यातल्या पहिल्या सात-आठांनी जे शिकवलं ते इथं लिहितो.

आधी एक सांगतो. तुमचं काम टॅलीवर चालत असेल किंवा श्रीलिपी आणि कोरल ड्रॉवर फ्लेक्स-पत्रिका करत असाल, तर विंडोजवरच राहा. ज्यांना ब्राउझर, मेल, पोरांचा अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ आणि थोडं प्रोग्रॅमिंग एवढंच लागतं, त्यांनी पुढं वाचावं.

काय घ्यायचं

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची अपडेटं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीची चांगली धडधाकट मशिनं ऑफिसांतून बाहेर पडली. लिनक्सला या भानगडीशी काही देणंघेणं नाही, म्हणून आपला फायदा.

दुकानदार नुसतं "आय५ आहे सर" म्हणाला तर विचारायचं, कितव्या पिढीचा? २०११ चा दुसऱ्या पिढीचा आय५ सुद्धा आय५च असतो. आय५-७५०० यात ७५०० मधला ७ म्हणजे सातवी पिढी. सहावी आणि सातवी यांत फार फरक नसेल तर सातवी घ्या. तिच्यापासून व्हीपी९ हा व्हिडिओचा प्रकार पूर्णपणे चिपमध्येच उलगडतो आणि यूट्यूब बघताना पंखा बोंबलत नाही.

रॅम ८ जीबी, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारं वेगवान स्टोरेज) २५६ जीबी. हार्ड डिस्क असलेलं मशीन घेतलंत तर एसएसडी नवी टाका, त्यात चर्चा नको.

घरात एका जागी ठेवायचं असेल तर लॅपटॉपच्या मागं लागू नका. डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क, लेनोव्होचं थिंकसेंटर यांची वहीएवढी छोटी मॉडेलं मिळतात. वीज कमी खातात, राऊटरपासून लॅनची वायर ओढली की वायफायचा प्रश्नच उरत नाही. लाईट जाते म्हणून लॅपटॉप हवा म्हणणाऱ्यांनी छोटा यूपीएस घ्यावा. या छोट्या मशिनांना बऱ्याचदा मॉनिटर जोडायला डिस्प्लेपोर्ट असतो, तेव्हा आपल्या मॉनिटरला कुठली केबल लागेल ते आधी बघून जा.

आणि कोपऱ्यात चकचकीत खोक्यात ठेवलेला तो नवा स्वस्त लॅपटॉप, ४ जीबी रॅम बोर्डावरच चिकटवलेली आणि ६४ जीबीचं ईएमएमसी स्टोरेज (तेही बोर्डावरच चिकटवलेलं) असलेला, त्याला हात लावू नका. त्यात पुढं काहीच वाढवता येत नाही. त्याच पैशात ऑफिसचं जुनं मशीन कितीतरी सरस.

आपल्याकडची एक खास तपासणी: झाकण उघडून बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरातल्या कितीतरी दुकानांत, ऑफिसांत शिरलं होतं. स्क्रूच्या डोक्यावर गंज, पोर्टच्या फटीत वाळलेली बारीक माती, कॅबिनेटच्या आत एका उंचीवर पिवळसर रेघ दिसली की नमस्कार करून निघायचं. अशी मशिनं वाळवून पुसून चालू होतात आणि पुढच्या पावसाळ्यात मान टाकतात.

पेनड्राईव्ह घेऊन जा

घरून निघताना लिनक्स मिंटची (नवख्यांना सोपा पडणारा लिनक्सचा एक प्रकार) ताजी आवृत्ती पेनड्राईव्हवर घालून न्या. रुफस किंवा बॅलेना एचर या फुकटच्या प्रोग्रॅमनं ते दहा मिनिटांचं काम आहे. ताजी म्हणजे ताजीच. तीन वर्षांपूर्वीची आयएसओ (इंस्टॉलची फाईल) घेऊन गेलात तर तिच्यातल्या जुन्या कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) नव्या चिपा ओळखता येत नाहीत आणि तुम्ही उगाच मशीनला नावं ठेवता. डेबियन हा लिनक्सचा दुसरा प्रकार वापरणाऱ्यांनी "फर्मवेअर (चिपांना चालवणारी फाईल) वेगळं शोधून आणावं लागतं" हा सल्लाही विसरावा. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इंस्टॉलरमध्येच येतं.

डेल आणि लेनोव्होला सुरू होताना एफ १२, एचपीला एफ ९ दाबलं की पेनड्राईव्ह निवडता येतो. काही इंस्टॉल न करता मिंट थेट चालू होतं. दुकानदार यालाच नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

खरं दुखणं: वायफाय

माझे जितके रविवार वायफायनं खाल्लेत तितके दुसऱ्या कशानं खाल्ले नाहीत.

भाचीच्या डिप्लोमासाठी एक जुना लॅपटॉप घेतला. दुकानात पेनड्राईव्हवरून लिनक्स चालू केलं, वायफाय लागलं, सिग्नल पूर्ण. पैसे दिले, मिसळ खाल्ली, घरी आलो. राऊटर बाहेरच्या खोलीत, भाचीचं टेबल आतल्या खोलीत, मध्ये एक भिंत. नेटवर्कच दिसेना! मी राऊटरला शिव्या घातल्या आणि बहिणीला नवा राऊटर घ्यायला लावला. तरी तेच. मग चिडून आतलं वायफायचं कार्डच बदलायला गेलो, तर लॅपटॉप चालू होतानाच "हे कार्ड मान्य नाही" म्हणून अडून बसला. काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) चालणाऱ्या कार्डांची यादीच कोंबलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर तीनशे रुपयांचा यूएसबी डोंगल आणला. त्याचा ड्रायव्हर (लिनक्सला तो डोंगल चालवायला लावणारा प्रोग्रॅम) कुठूनतरी उतरवून, स्वतः कंपाईल करून बसवला. कर्नेलचं अपडेट आलं की तो ड्रायव्हर बंद पडायचा आणि भाचीचा फोन यायचा, "मामा, परत गेलं."

घोळ भलताच होता. त्या वायफाय चिपला अँटेनाची दोन टोकं होती, लॅपटॉपमध्ये वायर जोडली होती एकालाच, आणि लिनक्सचा ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला कान लावून बसला होता. ड्रायव्हरला "त्या टोकावर ऐक" असं सांगणारी एक ओळ एका फाईलमध्ये लिहिली आणि सगळं सुरळीत झालं. चार महिन्यांनी, एका ओळीत! दुकानात सिग्नल पूर्ण दिसला, कारण दुकानदाराचा राऊटर माझ्या डोक्यावरच टांगलेला होता.

म्हणून दुकानाच्या वायफायवर तपासणी करूच नका. आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, बरोबर आलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि त्याला रस्त्यापलीकडं उभं करा. मग एक व्हिडिओ लावा. अडखळत का होईना चालला, तर ते कार्ड घरी एका भिंतीपलीकडंही टिकेल. फोन पार बाहेर जायच्या आत नेटवर्क गायब झालं तर दुकानदार काहीही म्हणो, ते मशीन आपलं नाही. दुकानदार हसतात, हसू द्या.

शिवाय टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून, इंग्रजी लहान अक्षरांत, 'एलएसपीसीआय' टाइप करा. मशीनमधल्या चिपांची यादी येते; तिच्यात नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधा. इंटेल असेल तर डोळे झाकून पुढं जा. ब्रॉडकॉम असेल तर बऱ्याच चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तोवर वायफाय दिसतच नाही; मोबाईल यूएसबीनं जोडून टेदरिंग केलं की तो ड्रायव्हर उतरवता येतो, पण एवढ्या उठाठेवीबद्दल किंमत कमी करून घ्या. रिअलटेक असेल तर वरची रस्त्यापलीकडची परीक्षा दोनदा घ्या. कार्ड यूएसबीला जोडलेलं असेल तर ते या यादीत दिसत नाही. त्यासाठी 'एलएसयूएसबी' आहे. आणि "डोंगल लावून घ्या की सर, होतंय सगळं," हे वाक्य ऐकलं की माझी भाची आठवा.

बायोसचं कुलूप

ऑफिसांतून आलेल्या मशिनांना बायोसचा पासवर्ड राहून गेलेला असतो. एफ २ किंवा मॉडेलप्रमाणे जी कळ असेल ती दाबून दुकानातच आत शिरा. पासवर्ड मागितला तर तो दुकानदारानं तुमच्यासमोर काढून द्यायला हवा. बॅटरी काढून ठेवली की जातो म्हणतात, पण थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो, बॅटरी काढून तो हलत नाही.

आत शिरलात की डिस्कची सेटिंगही बघा. 'रेड' आणि 'एएचसीआय' या डिस्क चालवायच्या दोन पद्धती; ती 'रेड'वर असेल तर इंस्टॉलरला एसएसडी दिसत नाही असं होतं, 'एएचसीआय' करा. या सेटिंगमुळंच एसएसडी मेली समजून परत करायला आलेली माणसं मी पाहिलीत. सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीमची सही तपासणारी सेटिंग) मिंटला चालतं, त्याला छेडायची गरज नाही.

उरलेलं

लॅपटॉपचं झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन जागं झालं पाहिजे. आवाज, कॅमेरा, हेडफोन, प्रत्येक कळ.

घरी नेल्यावर इंस्टॉल करणं म्हणजे 'पुढं, पुढं' दाबणं. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी जोडा. आठवडाभर बोटं अडखळतील, मग नाही. प्रिंटर घरात आधीच असेल तर पेनड्राईव्हवरच्या मिंटवर एक पान छापून बघा. एचपीचे बहुतेक लगेच चालतात, काही जुन्या लेसर प्रिंटरांसाठी मात्र ड्रायव्हरची कटकट असते.

बिल घेताना त्यावर मशीनचा सिरियल नंबर आणि "लिनक्सवर वायफाय न चालल्यास सात दिवसांत परत" एवढी ओळ लिहून, सही घेऊन ठेवा. तोंडी "बिनधास्त न्या सर" म्हणणारा दुकानदार पेन हातात घेताना अडखळला, तर ती रस्त्यापलीकडची परीक्षा आणखी एकदा करा.