दगड शिकायला निघालात? थोडं ऐकून जा

बीएस्सीला जिऑलॉजी घेतलं तेव्हा माण तालुक्यातल्या आमच्या घरात एकच प्रश्न उठला, "म्हंजे दगडं फोडायची का?" पहिल्या वर्षी हातात हातोडा आला आणि कळलं, की प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

मी शिकले पुण्यात. पुण्याची अडचण अशी, की जिकडे बघावं तिकडे काळा पाषाण. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर आणि तेही जवळजवळ आडवे. पुस्तकात डिप-स्ट्राइकचं, म्हणजे थर किती आणि कुठल्या दिशेला कललाय त्याचं, पान येतं, तुम्ही कल मोजायचा क्लायनोमीटर घेऊन टेकडीवर जाता आणि मोजायला कललेला थरच सापडत नाही! वळ्या पडलेले, उभे झालेले खडक मी पहिल्यांदा पाहिले ते तिसऱ्या वर्षी, भंडाऱ्याकडे. त्यानंतरच नकाशावरच्या रेघा डोक्यात शिरल्या. म्हणून प्रवेश घेण्याआधी तिथल्या सीनियर मुलांना गाठा आणि विचारा, फील्डला कुठे नेतात आणि किती दिवस? चंद्रपूरचा कोळसा, सिंधुदुर्गातला जांभा, लोणारचं विवर, यातलं काही यादीत आहे का? आमच्याकडे मायक्रोस्कोप कमी होते, एकावर चौघं बसायचो. ते निभावलं. फील्ड बुडालं असतं तर निभावलं नसतं.

या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसाल्टला, कंटाळू मात्र नका. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच उभा आहे. खोदलेली विहीर दिसली की काठावरून आत डोकवा. कठीण काळा थर, त्याखाली पांढऱ्या दाण्यांचा मांजऱ्या, दोन थरांमध्ये विटकरी रंगाची पट्टी. काळ्या पाषाणात पाणी राहतं ते फक्त भेगांत. मांजऱ्या झिजून मऊ झाला की जरा बरं धरतो. वर्गात दोन तास चाललेलं हे व्याख्यान विहिरीच्या काठावर दहा मिनिटांत समजतं.

सामानाचं थोडक्यात. नोंदी पेन्सिलीने करा, शाई पावसात पसरते. भिंग दोऱ्याने गळ्यात अडकवा. नमुन्यावर जागीच नंबर घाला. संध्याकाळी पिशवीतले सगळे दगड सारखेच दिसतात. आणि हातोडा मारताना गॉगल लावा. माझ्या भुवईवर खूण आहे, कपची डोळ्यात जायची तेवढी वाचली.

माझी रूममेट पर्यावरणशास्त्राला होती. लोकांना वाटतं तिकडे झाडं लावतात. ती मुठेच्या काठी बाटल्या भरत बसायची. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर रसायनं तिथल्या तिथे घालावी लागतात, प्रयोगशाळेत आणेपर्यंत आकडा बदलतो. तसंच बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्या चाचणीचं. पुस्तकात ती पाच दिवस, 20 अंशांवर. आपल्या भारतीय मानकात तीन दिवस, 27 अंशांवर. तोंडी परीक्षेत बरेच जण इथेच अडकतात. या विषयात रसायनशास्त्र भरपूर आहे. ते नको म्हणून पर्यावरण घेणार असाल, तर थांबा.

आता पोटापाण्याचं. पदवीचं नाव नीट पाहा, नंतर भांडून उपयोग नसतो. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिऑलॉजिस्ट व्हायचं तर भूविज्ञानातली पदव्युत्तर पदवी लागते. पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीवर तो अर्ज चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एकीला हे जाहिरात हातात आल्यावर कळलं. पर्यावरणवाल्यांची वाट प्रदूषण नियंत्रण मंडळं, प्रयोगशाळा, प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल करणाऱ्या कंपन्या अशी जाते. आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर जॅमचा, म्हणजे त्यासाठीच्या प्रवेश परीक्षेचा, जिऑलॉजीचा पेपर द्या आणि तयारी दुसऱ्या वर्षापासूनच करा; तिसऱ्या वर्षी फील्ड, प्रोजेक्ट आणि जॅम एकदम अंगावर येतात.

एक मात्र कुणी सांगत नाही. जिऑलॉजी शिकलात की गावात तुम्ही पाणाड्याचे प्रतिस्पर्धी. एमएस्सी संपवून घरी गेले तर चुलत्यांनी बोअरसाठी जागा दाखवायला शिवारात नेलं. तळहातावर नारळ धरून पाणाड्या आधीच फिरून गेला होता. मी दोन तास उतार पाहिला, शेजारच्या विहिरींतले थर पाहिले, ओढ्याची दिशा धरली आणि एका जागी उभी राहिले. पायाशी त्याने रोवलेली खुंटी होती.

चुलते म्हणाले, "मग पाच वर्सं पुण्यात काय केलंस गं?"