एफपीएस नव्हे, आधी वेळ मोजा: गेमची कामगिरी तपासायला शिकणाऱ्यांसाठी

संगणकावर गेम किती चांगला चालतो हे मोजण्याचे काम बाहेरून फार सोपे दिसते. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) तयार झाल्या याचा, आकडा असतोच. तो थोडा वेळ पाहायचा, लिहून घ्यायचा आणि दोन ग्राफिक्स कार्डांचे दोन स्तंभ शेजारी शेजारी काढायचे, एवढेच ते असावे असे वाटते. रिझोल्यूशन, ड्रायव्हर, व्ही-सिंक या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून मी पुढे जाते. जिथे माझी स्वतःची सुरुवातीची बरीच मेहनत वाया गेली, त्या एका जागी मात्र मी गरजेपेक्षा थोडी जास्तच रेंगाळणार आहे.

ती जागा म्हणजे सरासरी. एफपीएस हा दर आहे आणि दरांची थेट बेरीज करून सरासरी काढता येत नाही, हे आपण शाळेच्या गणितात शिकतो आणि स्प्रेडशीट उघडताच विसरतो. जाताना ताशी ६० आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ३० किलोमीटर वेग असेल, तर सरासरी वेग ४५ नसून ४० असतो, कारण संथ प्रवासात वेळ जास्त जातो. फ्रेमचेही अगदी असेच आहे.

एका सेकंदाचे उदाहरण घ्या. ९० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एक फ्रेम १०० मिलिसेकंद अडकून पडली. एकूण ९१ फ्रेम आणि १००० मिलिसेकंद, म्हणून खरा दर ९१ एफपीएस. आता हीच नोंद स्प्रेडशीटमध्ये घेऊन प्रत्येक फ्रेमच्या वेळेचे आधी एफपीएसमध्ये रूपांतर केले, तर ९० ओळींत १०० आणि एका ओळीत १० हा आकडा येतो, आणि त्या रकान्याची सरासरी ९९ भरते. म्हणजे आठ एफपीएस शून्यातून निर्माण झाले. त्याहून वाईट भाग असा की हा फुगवटा सर्वांना सारखा मिळत नाही. एकसारख्या लयीत चालणाऱ्या संगणकावर दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येते. जो संगणक जास्त अडखळतो, त्याचा आकडा जास्त फुगतो. चुकीचे सूत्र नेमके वाईट कामगिरीला बक्षीस देते, आणि आलेख मात्र इतका नीटनेटका दिसतो की कुणालाही शंका येत नाही.

त्यामुळे सगळे गणित मिलिसेकंदांत करा. एकूण फ्रेमना एकूण सेकंदांनी भागा, किंवा फ्रेम टाइमची (एक फ्रेम तयार व्हायला लागणाऱ्या वेळेची) सरासरी मिलिसेकंदांत काढून १००० ला तिने भागा. दोन्हींचे उत्तर एकच येईल. एफपीएसमध्ये रूपांतर करायचेच असेल, तर ते अगदी शेवटच्या पायरीवर, वाचकाच्या सोयीसाठी करा. ६० एफपीएस म्हणजे १६.७ मिलिसेकंद, १२० म्हणजे ८.३ आणि १४४ म्हणजे ६.९, ही रूपांतरे थोड्याच सरावाने तोंडपाठ होतात.

सूत्र दुरुस्त केल्यावर सुटल्यासारखे वाटते, पण हाच सापळा पुढच्या वळणावर पुन्हा उभा असतो. वरच्या उदाहरणातला ९१ हा आकडा बरोबर असला, तरी ज्या संगणकावर सगळ्या ९१ फ्रेम प्रत्येकी ११ मिलिसेकंदांच्या आसपास तयार झाल्या, त्याचाही आकडा ९१ च येतो. पहिल्या संगणकावर खेळणाऱ्याला दर सेकंदाला झटका बसतो आणि दुसऱ्यावर काहीच जाणवत नाही. एका सेकंदाच्या पोटात काय घडते हे पाहायला हवे, हा विचार २०११ साली टेक रिपोर्ट या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी ठामपणे मांडला आणि त्यानंतर फ्रेम टाइमचे आलेख हळूहळू रूढ झाले. आज ही साधने सर्वांना मोफत मिळत असूनही कोपऱ्यातल्या आकड्याचा फोटो काढून निष्कर्ष सांगणारे कमी झालेले नाहीत, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

तिसरे वळण सर्वांत फसवे आहे, कारण तिथे सरासरी तुम्ही काढत नाही, साधनानेच ती आधी काढून ठेवलेली असते. एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधला हार्डवेअर नोंदीचा कालावधी मुळात १००० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे त्याच्या इतिहासात सेकंदाला एकच ओळ लिहिली जाते. तापमान, वीजवापर, ग्राफिक्स कार्डावरचा ताण यांसाठी हे पुरेसे आहे, पण त्या फाइलवरून पर्सेंटाइल (फ्रेमच्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर ठरावीक टक्के फ्रेम ज्या आकड्याच्या आत येतात तो आकडा) काढणे निरर्थक आहे. आपले १०० मिलिसेकंद तिथे ९१ च्या आत केव्हाच विरघळून गेलेले असतात आणि कोणतेही सूत्र ते परत आणू शकत नाही. लिनक्सवरच्या मँगोहड या तशाच साधनामध्येही नोंदीचे अंतर किती ठेवले आहे हे आधी तपासावे. ओळखण्याची खूण सोपी आहे. ६० सेकंद मोजले आणि गेम ९० एफपीएसच्या आसपास चालत होता, तर फाइलमध्ये ५,४०० च्या जवळपास ओळी हव्यात. ६० च ओळी दिसल्या, तर ती फाइल बाजूला ठेवा आणि पुन्हा मोजा.

विंडोजवर प्रत्येक फ्रेमची नोंद हवी असेल, तर इंटेलचे मुक्त स्रोत असलेले प्रेझेंटमॉन वापरावे. ते विंडोजच्या स्वतःच्या घटना-नोंद यंत्रणेतून माहिती घेते आणि सीएसव्ही फाइल देते. कॅपफ्रेमएक्स, एनव्हीडियाचे फ्रेमव्ह्यू आणि एएमडीचे ओकॅट ही साधने याच पायावर उभी आहेत. नवोदितांनी कॅपफ्रेमएक्सपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही, फक्त किमान एकदा त्यातली कच्ची फाइल उघडून सरासरी आणि पर्सेंटाइल स्वतः काढून पाहा. आकडे जुळले की साधनावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. न जुळले, तर व्याख्येतला फरक सापडतो, आणि तो फरक लहान नसतो.

सर्वांत वाईट क्षणी गेम किती संथ होतो हे सांगणाऱ्या ‘एक टक्का लो’ या लोकप्रिय आकड्याचेच पाहा. मघाचा १०० मिलिसेकंदांचा झटका आता दर सेकंदाऐवजी एक सेकंद सोडून बसतो आणि बाकी सगळ्या फ्रेम १० मिलिसेकंदांच्या आहेत असे समजा. एका मिनिटात ५,७३० फ्रेम होतील, त्यांपैकी ३० वाईट, आणि सरासरी ९५.५ एफपीएस. ९९ व्या पर्सेंटाइलची व्याख्या वापरली, तर वाईट फ्रेम एक टक्क्यापेक्षा कमी असल्यामुळे त्या निसटतात आणि उत्तर १०० एफपीएस येते. तळाचा म्हणवला जाणारा आकडा सरासरीच्याही वर जातो! सर्वांत संथ एक टक्का फ्रेम, म्हणजे ५७ फ्रेम, घेऊन त्यांच्या वेळेची सरासरी काढली, तर उत्तर सुमारे १७ एफपीएस येते. आणि एकूण वेळेपैकी सर्वांत वाईट एक टक्का वेळ, म्हणजे ६०० मिलिसेकंद, मोजले तर १०. फाइल एकच आणि तिन्ही आकड्यांचे नाव एकच. म्हणून दुसऱ्याच्या आलेखातला ‘एक टक्का लो’ आपल्या आलेखाशेजारी कधीही ठेवू नये आणि स्वतःच्या आलेखाखाली आपण कोणती व्याख्या घेतली हे लिहिल्याशिवाय तो कुणालाही दाखवू नये.

‘शून्य दशांश एक टक्का लो’ हा आकडा तर मी सुरुवातीला वापरूच नका असे सांगेन. ६० एफपीएसने मिनिटभर मोजले तर ३,६०० फ्रेम मिळतात आणि त्यांचा हजारावा भाग म्हणजे तीन-चार फ्रेम. मागे चाललेल्या एखाद्या प्रोग्रॅमने एकदा डोके वर काढले, तरी हा आकडा कोसळतो.

हे सगळे वाचून घाबरायला झाले असेल, तर थोडे थांबा. यात अवघड गणित कुठेही नाही. बेरीज, भागाकार आणि चढत्या क्रमाने लावणे एवढेच आहे. अवघड आहे ते तयार उत्तराचा मोह टाळणे. या क्षेत्रात नव्या माणसाला मार्गदर्शक पटकन भेटतात आणि त्यांतले बरेच जण आपली सूत्रे भरलेली स्प्रेडशीट हातात देऊन मोकळे होतात. अशी स्प्रेडशीट घेताना त्यातले प्रत्येक सूत्र उघडून वाचा, आणि सूत्रे लपवलेली असतील तर सरळ नाकारा. माझ्या मते चांगला मार्गदर्शक ओळखण्याची कसोटी एकच आहे: तो तुमचा आलेख पाहण्याआधी तुमची कच्ची फाइल मागतो.

प्रत्यक्ष मोजणीच्या शिस्तीबद्दल थोडक्यात. गेममध्ये दिलेला बेंचमार्क (ठरलेले चाचणी-दृश्य) पुनरावृत्तीसाठी सोयीचा असतो, पण त्यातले दृश्य खऱ्या खेळाइतके जड असेलच असे नाही. शक्य असेल तर खेळातला एखादा गजबजलेला आणि दर वेळी त्याच वाटेने पार करता येणारा टप्पा निवडा. किमान तीन फेऱ्या घ्या आणि त्यांतला मध्यक वापरा. फ्रेमवर मर्यादा घालणारी सेटिंग आणि व्ही-सिंक बंद आहे ना हे पाहा, अन्यथा तुम्ही कार्डाची क्षमता सोडून त्या मर्यादेचीच नोंद घ्याल. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि पुरेसा तापलेला असावा, कारण थंड लॅपटॉप पहिली काही मिनिटे जो वेग दाखवतो तो पुढे टिकतोच असे नाही. प्रोसेसरची तुलना करायची असेल, तर रिझोल्यूशन उतरवा. ४के वर बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच सगळ्यांना अडवून धरते आणि भिन्न प्रोसेसरांचे स्तंभ एकाच उंचीचे दिसतात.

या फेऱ्यांतल्या पहिल्या फेरीबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालींवरच्या अनेक गेममध्ये शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) खेळता खेळता तयार होतात, म्हणून पहिल्यांदा तो भाग पार करताना मोठे झटके बसतात आणि शेडर साठवले गेल्यावर पुढच्या फेऱ्यांत ते नाहीसे होतात. पहिली फेरी टाकून द्यावी असा सल्ला तुम्हाला सर्वत्र मिळेल. दोन कार्डांच्या तुलनेसाठी तो योग्यच आहे. पण गेम विकत घेणारा माणूस ती पहिलीच फेरी खेळत असतो. म्हणून ती वेगळ्या नावाने जपून ठेवा आणि तिचा आलेख वेगळा द्या.

आणखी एक भेद लवकर समजून घ्यावा. गेमने फ्रेम पुढे पाठवली आणि ती पडद्यावर दिसली, या दोन वेगळ्या घटना आहेत. एनव्हीडियाने २०१३ साली एफकॅट हे मोजणीचे साधन आणले तेव्हा प्रत्येक फ्रेमच्या कडेला रंगीत पट्टी काढून आणि पडद्याकडे जाणारा संकेत दुसऱ्या यंत्रावर टिपून हा भेद उघड केला होता. जोडीने चालणाऱ्या कार्डांच्या काही फ्रेम पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरत्याच दिसत होत्या, तरीही त्या पूर्ण फ्रेम म्हणून मोजल्या जात होत्या. २०२२ मध्ये आलेल्या एनव्हीडियाच्या डीएलएसएस ३ या तंत्रापासून कृत्रिम फ्रेम तयार होऊ लागल्या आणि हा जुना प्रश्न नव्या रूपात परत आला. अशा फ्रेम दृश्य गुळगुळीत करतात, पण माऊसला मिळणारा प्रतिसाद त्यांमुळे वेगवान होत नाही. त्या चालू असतानाचा एफपीएस बंद असतानाच्या एफपीएससोबत एकाच रंगाच्या स्तंभांत दाखवणे ही माझ्या दृष्टीने सरळ दिशाभूल आहे. प्रेझेंटमॉनच्या फाइलमध्ये पाठवण्याचे आणि दिसण्याचे अंतर वेगवेगळ्या रकान्यांत मिळते. आवृत्तीनुसार रकान्यांची नावे बदललेली आहेत, म्हणून जुना कोड नव्या फाइलवर आंधळेपणाने चालवू नका.

आलेख काढताना सरासरीचा सापळा पुन्हा एकदा भेटतो. फ्रेम टाइमची रेघ दातेरी आणि कुरूप दिसते, म्हणून ती मऊ करण्यासाठी सरकती सरासरी लावण्याचा मोह होतो, आणि ज्या टोकांसाठी एवढी मोजणी केली ती टोकेच पुसली जातात. रेघ कुरूपच राहू द्या. आडव्या अक्षावर फ्रेमचा क्रमांक न घेता सरलेला वेळ घ्या, कारण क्रमांक घेतला की १०० मिलिसेकंदांची फ्रेम आणि १० मिलिसेकंदांची फ्रेम सारखीच जागा व्यापतात आणि वेगवान कार्डाची रेघ विनाकारण लांब होते. उभा अक्ष दोन्ही आलेखांत एकाच मापाचा असावा. स्तंभ काढत असाल, तर ते शून्यापासूनच सुरू करा. ८० पासून सुरू केलेल्या अक्षावर १०० चा स्तंभ ९० च्या स्तंभाच्या दुप्पट उंच दिसतो. टक्केवारी लिहिताना कोणत्या बाजूने मोजता हेही लिहा: ६० वरून १०० म्हणजे सुमारे ६७ टक्के वाढ, आणि १०० वरून ६० म्हणजे ४० टक्के घट.

पहिले आलेख काढल्यावर बहुतेकांना एक निराशा येते. खूप तयारी करून दोन ड्रायव्हरांची किंवा दोन सेटिंगची तुलना करावी आणि फरक दोन एफपीएसचा निघावा. अशा वेळी काहीही न बदलता तेच दृश्य पुन्हा पाच-सहा वेळा मोजा आणि फेऱ्यांमधला फरक किती पडतो ते पाहा. तोच तीन एफपीएसचा असेल, तर आलेखाखाली ‘या मोजणीत फरक आढळला नाही’ असे लिहा, कोणता स्तंभ उंच आहे याची चर्चा करू नका आणि कच्च्या फाइल सोबत जोडा. ‘अमुक सेटिंगने गेम उडू लागतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण असा ‘नाही’ मोजून आणि पुराव्यासह देणारे फार थोडे असतात, आणि तेवढे काम तुम्हाला पहिल्याच आठवड्यात जमू शकते.