चाळीस वर्षांच्या बाटलीचं बूच

मी निफाड तालुक्यातला. आमच्या बागेत थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, वाइनची नव्हेत. नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट केलं, दोन वर्षं मुंबईत बँक्वेटच्या प्लेटा उचलल्या, मग क्रूझवर गेलो आणि तिथून लंडनला. आज तिथल्या एका फाइन डाइन रेस्टॉरंटमध्ये सोमेलिए आहे, म्हणजे पाहुण्यांना वाइन सुचवणारा आणि वाढणारा. आई अजून शेजारपाजारी ‘हॉटेलात सुपरवायझर आहे’ एवढंच सांगते आणि मीही ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

या लाइनमध्ये येऊ पाहणारी गावाकडची मुलं हल्ली मेसेज करतात. प्रश्न ठरलेला: ‘दादा, लाखाची बाटली उघडताना हात थरथरत नाही का?’ थरथरतो. पहिली दोन वर्षं तर चांगलाच थरथरायचा. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात, पण जुनी वाइन मी नाशिकमध्ये कधी पाहिलीच नव्हती. आपल्याकडची बहुतेक वाइन ताजी असतानाच प्यायची. सुलाच्या पुष्कळ बाटल्यांना तर फिरकीचं झाकण. तेव्हा आयात वाइनवर 150 टक्के सीमाशुल्क होतं, मग कॉलेजच्या प्रॅक्टिकलला फ्रान्सची जुनी बोर्डो कोण आणून देणार? आम्ही रिकाम्या बाटलीत पाणी भरायचो, तेच बूच पुन्हा ठोकून बसवायचो आणि आळीपाळीने उघडायचो. मास्तरांचा सगळा भर ऐटीवर: नॅपकिन कुठल्या हातावर, लेबल कुणाकडे, आवाज किती हळू. ते सगळं कामाला येतं. पण चाळीस वर्षांच्या बुचाला तुमच्या ऐटीशी काही देणंघेणं नसतं.

ते मला एका शनिवारी रात्री कळलं. चार जणांचं टेबल, आधी काही कळवलेलं नाही, आणि यजमानाने यादीतून 1975 ची ग्रुओ-लारोझ मागितली. बोर्डोतल्या सँ-ज्युलियाँची वाइन. किंमत माझ्या आठवड्याच्या पगाराहून जास्त. हेड सोमेलिए दुसऱ्या टेबलावर अडकलेला. मी तळघरात धावत गेलो, आडवी ठेवलेली बाटली उचलली, उभी धरली आणि जिना चढून वर आलो. तिथेच निम्मं काम बिघडलं होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं. टेबलाशी खिशातला नेहमीचा वेटर्स फ्रेंड (बूच काढायचं घडीचं हत्यार) काढला, मळसूत्र आत घातलं, टेकू लावून ओढलं. बूच मधोमध तुटलं. वरचा अर्धा भाग माझ्या हातात, खालचा बाटलीच्या मानेत. मी काय करावं? टेबलाकडे पाठ केली आणि बाजूच्या ट्रॉलीवर वाकून घाईघाईने उरलेला तुकडा खणायला लागलो. तो आत पडला.

हेड सोमेलिए फ्रान्सच्या बरगंडीकडचा, कमी बोलणारा. तो आला, त्याने माझ्या हातातून बाटली घेतली आणि ती टेबलासमोर धरून पाहुण्यांना सरळ सांगितलं, ‘बूच तुटून आत पडलंय. वाइनला त्याने काही होत नाही, आम्ही गाळून देतो. पण बाटली हलली आहे, त्यामुळे थोडी गढूळ लागेल. चाखून सांगा; नको असेल तर दुसरी काहीतरी बघू.’ पाहुणा हसला आणि म्हणाला, ठीक आहे. नंतर मला कळलं, बूच तुटल्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. मी पाठ केली ते त्याला खटकलं होतं.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. निम्मं काम पाहुणा यायच्या आधी करायचं, आणि उरलेलं त्याच्या डोळ्यांसमोर, तोंडाने सांगत करायचं.

आधीचं काम म्हणजे काय? जुन्या रेड वाइनमध्ये टॅनिन (तुरटपणा देणारी द्रव्यं) आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. तो गाळ. तळघरात बाटली आडवी असते, म्हणून गाळ एका बाजूला साचतो. बुकिंग करतानाच पाहुण्याने वाइन सांगितली असेल तर बाटली एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ बुडाशी जातो. ऐन वेळी मागितली तर उभी करायचीच नाही. जशी होती तशीच, लेबल वर, आडव्या टोपलीत ठेवायची, झोपलेलं बाळ पाळण्यातून उचलावं तशी वर आणायची आणि टोपलीतच उघडायची. यजमानाला दोन मिनिटं जास्त थांबावं लागतं. थांबतो तो.

तळघरातच बॅटरी घेऊन वाइनची पातळी बघा. बोर्डोच्या बाटलीला खांदे असतात. चाळीस वर्षांत वाइन मानेच्या बुडापर्यंत किंवा खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरली असेल तर ते वयाला धरून आहे. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून हवा गेलेली असण्याची शक्यता मोठी. हेडला दाखवल्याशिवाय ती बाटली टेबलावर नेऊ नका.

आता बूच. जुन्या बाटलीची वरची टोपी मी हल्ली पूर्ण काढतो, कारण पुढे ओतताना मान आरपार दिसायला हवी. टोपीखाली काळी बुरशी दिसली की नवीन मुलं घाबरतात. दमट तळघरात बुचाच्या डोक्यावर बुरशी यायचीच. ओल्या फडक्याने पुसा. 1990 च्या दशकापर्यंत या टोप्या शिशाच्या असत, तेव्हा काचेचं तोंडही नीट पुसून घ्या. मगच हत्यार.

हत्यारं तीन. पहिलं तुमचा वेटर्स फ्रेंड, जो नव्या बाटलीला उत्तम आणि जुनीला बहुधा घातक: तो बुचाला मधून ओढतो आणि जुनं बूच मधूनच पोचट झालेलं असतं. दुसरं आह-सो, दोन पात्यांचा चिमटा. लांब पातं आधी, मग आखूड. काच आणि बूच यांच्या फटीत डावी-उजवीकडे डोलवत उतरवायचं, पूर्ण गेलं की पिळत वर काढायचं. बुचाला भोक पडत नाही, म्हणून इंग्रजीत त्याला बटलर्स फ्रेंड असंही नाव आहे: खानसाम्याने मालकाची वाइन प्यावी, हलकी भरावी आणि बूच परत बसवावं! पण बूच आधीच सैल असेल तर हा चिमटा त्याला आत ढकलतो. म्हणून तिसरं, ड्युरँड. त्यात मळसूत्र आणि चिमटा दोन्ही असतात: आधी मळसूत्राने बूच धरायचं, मग त्याच्यावरून पाती उतरवायची आणि दोन्ही मिळून फिरवत वर आणायचं. तीस वर्षांच्या वरच्या बाटलीला मी दुसरं काही लावत नाही. ते महाग आहे, पण तुमच्या रेस्टॉरंटकडे एक असेलच. नसेल तर मागा.

तरीही तुटलंच तर थांबा. एक श्वास घ्या आणि पाहुण्याला सांगा. उरलेल्या तुकड्यात मळसूत्र तिरकं घालायचं, तुकडा काचेवर दाबून धरत हळू ओढायचा. आत पडला तर मलमलीच्या स्वच्छ धुतलेल्या कापडातून किंवा बारीक स्टीलच्या गाळणीतून गाळायचं. कॉफीचा कागदी फिल्टर नको, त्याची चव उतरते. (अगदी जुन्या पोर्टला, म्हणजे पोर्तुगालच्या गोड वाइनला, तापवलेला चिमटा मानेला लावून, वर गार ओलं फडकं ठेवून अख्खी मानच तोडतात. ते बघायला भारी वाटतं. पहिल्या वर्षी बघण्यापुरतंच ठेवा.)

निघालेलं बूच छोट्या बशीत यजमानासमोर ठेवायचं. त्यावर शातोचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याचं, नाव आणि साल छापलेलं असतं, ते लेबलाशी जुळतंय का हे त्याला बघू द्या. त्याआधी तुम्ही बघा.

ओतण्याबद्दल मात्र मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आमच्याकडे लोणी कढवून तूप केलं की आई गाळणी न घेता पातेलं तिरकं करून बरणीत ओतायची. एकच सलग धार, मध्ये थांबणं नाही, आणि बेरी कडेपर्यंत आली की तिथेच हात सरळ. डिकँटिंग म्हणजे नेमकं तेच. बाटलीच्या खांद्याखाली मेणबत्ती किंवा छोटी बॅटरी ठेवायची, नजर प्रकाशाच्या ठिपक्यावर, धार काचेच्या आतल्या भिंतीवरून. आधी स्वच्छ वाइन, मग धुरासारखी एक बारीक काळी रेघ मानेकडे येताना दिसते. थांबायचं. मागे दोन-तीन चमचे राहिले तर राहू द्या. मध्येच थांबून बाटली सरळ केलीत तर आतली लाट सगळा गाळ उठवते, मग मेणबत्ती नुसती सजावटीला. फरक एवढाच की आमच्या बेरीत साखर घालून खाता यायचं. ही कडू आणि खरखरीत.

डिकँटर, म्हणजे ज्यात वाइन ओतायची ते काचेचं भांडं, आधी हुंगून बघा. कपाटाचा किंवा साबणाचा वास हजारो रुपयांच्या वाइनला सहज मारतो. धुताना गरम पाण्याशिवाय त्यात काही घालू नका आणि ओतण्याआधी दोन घोट वाइननेच तो विसळा.

एक चूक हुशार मुलंही करतात. पुस्तकात वाचलेलं असतं की रेड वाइनला ‘श्वास’ घेऊ द्यावा, म्हणून चाळीस वर्षांची बाटली दोन तास आधी डिकँट करून ठेवतात. ते तरुण, तुरट वाइनला ठीक आहे. म्हाताऱ्या वाइनचा सुगंध अर्ध्या तासातही ओसरू शकतो. ती ऐन वेळी, जेवणाचा तो पदार्थ यायच्या जराच आधी ओता. जुनी बरगंडी तर आम्ही बहुतेकदा डिकँट करतच नाही. टोपलीतूनच हलक्या हाताने.

मग चाखणं. यजमानाला दोन घोट, तो हो म्हणाला की आधी बायका, मग पुरुष, टेबलाभोवती घड्याळाच्या दिशेने, यजमान शेवटी. सहा माणसं असतील तर 750 मिलीत प्रत्येकाला जेमतेम 125 येते, गाळ धरला तर त्याहून कमी. पहिल्या तिघांना उदार झालात तर यजमानाच्या ग्लासात तळ दिसेल. सवयीने ग्लास भरत फिरू नका. अशा वाइनला माणसं तासभर ग्लास धरून बसतात, विचारून भरा.

पाहुणा म्हणाला ‘खराब आहे’, तर वाद नाही. बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाचा वास ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा असतो; लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. तशी बाटली परत घ्यायची. पण इतकी वर्षं कोंडलेल्या वाइनला उघडल्यावर पहिली काही मिनिटं एक कोंदट वास येतो, तो वेगळा. तो दहा-पंधरा मिनिटांत उडतो, पुठ्ठ्याचा उडत नाही. म्हणून आधी विचारा, ‘थोडा वेळ देऊया का?’ आणि अतिजुन्या बाटलीबद्दल मागवतानाच सांगा की ती थकलेली निघू शकते. आमच्याकडे थकलेली वाइन परत घेत नाहीत, पुठ्ठ्याची घेतात. हे बूच निघाल्यावर सांगितलं तर भांडण, आधी सांगितलं तर गप्पा.

लेबल मोठ्याने वाचा, साल धरून. 2019 च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या हॉक्समूर रेस्टॉरंटमध्ये एका पाहुण्याने 260 पौंडांची 2001 ची पिशोन लालाँद मागितली आणि त्याला 4500 पौंडांची 2001 ची ले पाँ दिली गेली. दोन्ही बोर्डो, साल एकच, गडबडीची रात्र. मालकांनी ते स्वतःच जाहीर केलं आणि त्या कर्मचाऱ्याला सांभाळून घेतलं. सगळे मालक तसे नसतात.

शिक्षणाचं थोडक्यात. डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या ब्रिटिश संस्थेची दुसरी पातळी मुंबईतही करता येते, तिने पाया होतो. कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिएच्या सर्टिफाइड परीक्षेत प्रत्यक्ष सर्व्हिस करून दाखवावी लागते, आपल्या कामाला ती जास्त जवळची. वाइन व्यापारात किंवा लेखनात जायचं असेल तर मास्टर ऑफ वाइनची वाट वेगळी आहे. 2016 मध्ये सोनल हॉलंड ती पार करणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. आणि थुंकायला शिका. आम्ही दिवसाला वीस-वीस वाइन चाखतो आणि पितो जवळपास काहीच नाही. आईला हे मी तीनदा समजावलं आहे.

शेवटी रिकाम्या बाटल्या. तशाच कचऱ्यात टाकू नका. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने जुन्या रिकाम्या बाटल्या मिळवून त्यांत भलतीच वाइन भरली आणि अमेरिकेतल्या बड्या संग्राहकांना विकली. बरगंडीच्या पोन्सो घराण्याने 1980 च्या दशकाआधी बनवलीच नव्हती त्या वाइनच्या 1945 च्या बाटल्या 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात आल्या, तिथून त्याचं बिंग फुटायला लागलं. 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणून पाहुण्याने आठवण म्हणून बाटली मागितली नाही, तर आम्ही तिचं लेबल खराब करतो. रात्री साडेबाराला, मागच्या दारी, जाड काळ्या मार्करने. ते काम सगळ्यात नव्या मुलाचं असतं. पहिले काही आठवडे तुमच्या हातात बाटली येईल ती अशीच, रिकामी.